मुलीला न्यायला आलेले मेयर

ब्रॅकनेलच्या ऑफिसात सुट्टी टाकून ग्लासगोला निघालो, तेव्हा मला तळी, डोंगर आणि ताईच्या हातची आमटी एवढंच हवं होतं. ताई तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. स्टेशनवर भेटल्या भेटल्या म्हणाली, "अरे, आज डिनर लिझाकडे. माझ्या वॉर्डमधली नर्स. तिचे वडील फिलिपिन्समध्ये मेयर आहेत, सो प्लीज, नीट वाग हं!"

म्हणजे नगराध्यक्ष! मी मोठ्या उत्सुकतेने गेलो. दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले बुटके गृहस्थ उभे. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी नाव, गाव, वडील काय करतात, सगळं विचारलं. आमच्या वॉर्डच्या नगरसेवकाने मला इतकं कधीच विचारलेलं नाही.

जेवायला पानसिट (भाज्या घालून परतलेल्या शेवया) होतं. मी मागून मागून खाल्लं आणि प्रश्न विचारत राहिलो. त्यांच्या वडिलांची बेकरी होती, लहानपणी पहाटे सायकलवरून पांदेसाल (न्याहारीचे छोटे पाव) पोहोचवायचे. पुढे मासेमारीच्या होड्यांसाठी बर्फाचा कारखाना काढला, आणि त्याच कोळ्यांनी त्यांना मेयर केलं. आता सलग तीनदा निवडून आल्यामुळे कायद्याने लगेच उभं राहता येत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग घरातलं कुणीतरी उभं राहतं."

मला हसूच आलं. आमच्याकडे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की वहिनींचे फोटो झळकतात, ते त्यांना सांगितलं. तेही मनापासून हसले. पण त्यांची बायको वारली होती, उरली लिझा. तिला घरी न्यायलाच ते आले होते. परवा त्यांचं विमान होतं आणि तिकडे पक्षाची माणसं उत्तराची वाट बघत होती. लिझाने माझ्या ताटात आणखी पानसिट वाढलं आणि पाणी आणायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ताईच्या गाडीने एडिनबराला गेलो. वाऱ्याने माझी छत्री उलटी केली, ती कायमचीच. किल्ल्याच्या रांगेत मेयर पुढच्यामागच्या सगळ्यांशी हस्तांदोलन करत होते. खाली उतरलो आणि बघतो तर मेयर गायब!

सापडले ते एका चर्चमध्ये. बाहेर शवपेटीची काळी गाडी, आत काळ्या कपड्यांतली माणसं, आणि पहिल्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईंचा हात हातात घेऊन बसलेले आमचे मेयर. त्यांच्या गावात कुणी गेलं की मेयरने त्या घरी जायचंच, नाही गेला तर ते घर कधी विसरत नाही. गाडी दिसली आणि पाय आपोआप आत वळले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही कसे ओळखत होतात?" बाईंनी विचारलं.

"नव्हतो ओळखत," मेयर म्हणाले. "पण गाडी दिसल्यावर पुढे जाववेना."

बाई रडल्या आणि मग आम्हाला चहालाच घेऊन गेल्या. त्यांच्या सॉसेज रोलबरोबर मी त्या अनोळखी गृहस्थांच्या तरुणपणाच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या.

बाहेर आल्यावर लिझा थांबली. आमच्यासमोरच, इंग्रजीत म्हणाली, "पपा, मला हे नाही जमणार. मम्मी गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तुम्ही एकेकाला फाटकापर्यंत सोडत होतात. माझ्याजवळ नाही बसलात. मला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये."

परतताना गाडीत ताईने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मला मेयरांची फार दया आली, आणि लिझाचीही.

निघायच्या दिवशी विमानतळावर सगळ्यांसमोरच त्यांनी गावी फोन लावला. त्यांच्या भाषेत, सभेत बोलावं तसे जोरात बोलत होते. पलीकडचा माणूस चिडलेला असावा. लिझा ऐकता ऐकता रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं, "काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, मुलगी यायला एका पायावर तयार होती. मीच नको म्हटलं."

फोन ठेवून ते तिच्या शेजारी बसले. विमानाची घोषणा झाली तरी उठले नाहीत. शेवटी तिनेच त्यांना उठवलं.

संध्याकाळी मी ब्रॅकनेलची परतीची गाडी धरली. पुढाऱ्यांच्या थापा मी जन्मभर ऐकत आलोय, पण या थापेने मला वाटभर स्वस्थ बसू दिलं नाही. आता गावात लोक त्यांना हट्टी म्हातारा म्हणणार, पक्षाची माणसं तोंड फिरवणार. लिझाला मात्र कुणी बोल लावणार नाही.