सरांनी बंद केलेला फ्रीजर

नांदेडच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे यीस्टला प्लास्टिकमध्ये कोंडणं. दुधातली साखर फोडणाऱ्या यीस्टच्या पेशी पॉलिमरच्या चिकट द्रावात कालवायच्या आणि साबुदाण्याएवढ्या साच्यांत गोठवायच्या. अशा मण्यांवरून दूध सोडलं की साखर फुटते, यीस्ट मण्यातच राहतं आणि दूध न पचणाऱ्यालाही ते पचतं. निदान कागदावर. माझ्या मण्यांची दुधात लापशी व्हायची. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांचा धीर सुटला. ही खेप जमली नाही तर विषय बदलू, म्हणाले. दोन वर्षं या मण्यांवर जीव टाकला होता.

खेप फ्रीजरात ठेवली आणि मी चार दिवस मावसबहिणीच्या लग्नाला भोकरला गेले. परतले तर फ्रीजर चालू, पण तळाशी पाणी साचलेलं.

सर मूळचे औशाचे. दिवे लुकलुकायला लागले की घरातलं एकेक बटण बंद करत फिरायचं, ही आमच्याकडची घरोघरची सवय. सरांनी ती प्रयोगशाळेतही आणली होती.

"व्होल्टेज लई नाचायलं होतं," ते म्हणाले. "रोज जाताना बंद केला, सकाळी चालू केला. मशीन जळालं असतं म्हणजे?"

म्हणजे माझे मणी रोज दिवसा गोठले आणि रोज रात्री वितळले. माझं डोकंच फिरलं. समोर सर आहेत हे विसरून मी म्हणाले, मशीन वाचलं, माझं वाटोळं झालं.

फेकून द्यायचे म्हणून साचा उपडा केला, तर एक मणी टेबलावरून चक्क उसळला. चिमटीत दाबला, सोडला, पुन्हा गोल. सगळे मणी दिवसभर दुधात ढवळले, एकही फुटला नाही. दुधातली साखर मात्र फुटली होती. हा पॉलिमर पुन्हा पुन्हा गोठला-वितळला की त्याची वीण घट्ट होत जाते. आम्ही एकदाच गोठवायचो आणि दोष द्रावाच्या प्रमाणाला द्यायचो. नाचता येईना अंगण वाकडं!

सर कितीतरी वेळ तो मणी दाबून बघत होते. विषय बदलायचा का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि नवा साचा स्वतः भरून फ्रीजरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना त्यांचा हात फ्रीजरच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"बंद करू का?" त्यांनी मला विचारलं.

"करा, सर," मी म्हणाले, आणि फार दिवसांनी निर्धास्त मनानं घरी गेले.