कौसामावशी सांगायच्या नाहीत

बजाजनगरच्या भाजीबाजारात कौसामावशींबरोबर गेलं की एक गोष्ट हमखास घडायची. समोरून एखादी बाई आपल्या शाळकरी पोराला घेऊन येताना दिसली, की मावशी चटकन भेंडीच्या ढिगाकडे वळायच्या आणि एकेक भेंडीचं टोक मोडून बघत उभ्या राहायच्या. भेंडी घ्यायची नसली तरी. ती मायलेकरं पुढं गेली की मग मान वर. मला आधी वाटलं, भांडण असेल. आमच्याकडे पाण्याच्या टँकरवरून कुणाचं कुणाशी वाजलेलं नाही? पण तसं काही नव्हतं. ते पोरगं मावशींनी सांभाळलेलं असायचं.

"त्याला मी आठवत नसते गं," त्या म्हणाल्या. "आन् माय मंग त्याला म्हनती, ओळख बरं ह्या कोन? लेकरू बिचारं कानकोंडं होतं. कशाला उगं."

मावशी मूळच्या पाचोडच्या. नवरा वाळूजच्या कंपनीत लागला तेव्हा त्याच्या मागं इकडं आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा गेला, मुलगा चाकणला नोकरीला लागला, आणि मावशी बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत लोकांची लेकरं सांभाळत राहिल्या. पाळणाघर हा शब्द त्यांना आवडत नसे. पुढच्या खोलीत छताच्या कड्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, खाली गोधड्या, कोपऱ्यात मुगाच्या वरणाचं पातेलं. बस. पाटीबिटी काही नाही. आमच्या कंपनीतल्या लाइनवर कुणी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली की दुसरी तिला विचारायची, "मावशीकडं जागा मिळाली का?" इतकंच.

मी वायरिंगच्या लाइनवर होते, नवरा शेंद्र्याला. त्याची रात्रपाळी सुटायची तेव्हा माझी शिफ्ट सुरू व्हायची, आणि दिवसभर तो झोपायचा; आमची भेट म्हणजे जिन्यात डबा हातातून हातात. सासूबाईंना गावाकडची गुरं सोडून येता येत नव्हतं. श्रेया सात-आठ महिन्यांची असताना तिला मावशींच्या हातात द्यायला गेले, आणि दारातच पाय अडला. मावशींनी पोर घेतली, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि मला म्हणाल्या, "जाय आता. मागं वळून बघू नको. तू बघितलंस तर ती रडंल, आन् ती रडली तर तू मशिनीत बोट घालशील." मी खरंच मागं बघितलं नाही. कंपनीची बस येईपर्यंत पदरानं डोळे पुसत उभी होते, ती गोष्ट वेगळी.

मावशींचं एक वागणं मला फार उशिरा कळलं. संध्याकाळी पोर न्यायला गेलं की त्या सगळं सांगायच्या: किती खाल्लं, शी कशी झाली, नाक वाहतंय का, कुणाला चावली. पण अधूनमधून एखादं विचित्र काम सांगायच्या. "आज तिला स्टीलच्या वाटीनं पानी पाज." का, तर उगीच. मी घरी येऊन पाजलं आणि वाटी टक् करून वाजली. बघते तर खालच्या हिरडीतून दाताचं टोक! मी नवऱ्याला फोन करून ओरडले. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं तर त्यांनी असं नवल केलं, की नाटक कंपनीत गेल्या असत्या तर नाव काढलं असतं. "व्हय? बघू बघू! अगं माय, खरंच की!"

असंच एकदा म्हणाल्या, आज तिला लवकर निजवू नको, मांडीवर घेऊन बोलत बस. मी बसले, आणि पोरीनं माझ्या तोंडाकडे बघून "आई" म्हटलं. मी स्वतःला मोठी नशीबवान समजायचे. चहाच्या सुट्टीत आम्ही बाया फुशारक्या मारायचो. कुणी म्हणे, माझं पोरगं बघा, दिवसभर नुसतं बसून होतं आणि मी दारात दिसले तसं उभं राहिलं, तेही पहिल्यांदा. कुणी म्हणे, रांगायला लागला तो माझ्याचकडे. एवढ्या सगळ्या बायांची लेकरं संध्याकाळचीच कशी हुशार होतात, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग श्रेया दीड वर्षाची होत आली तरी चालेना. धरून उभी राहायची, दोन्ही हात वर करायची आणि कडेवर घे म्हणून रडायची. खाली सोडलं की मटकन बसायची. शेजारची तिच्याएवढी पोरं गल्लीत पळत होती. सासूबाईंनी फोनवर आधी माझ्या नोकरीला नावं ठेवली, मग गावच्या मारुतीला चांदीच्या पावलाचा नवस बोलल्या. माझी झोप उडाली. शहरात जाऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. ते शांत माणूस होते. त्यांनी पाय हलवून बघितले, घाबरू नका म्हणाले, पण इतक्यात चालायला हवं होतं, तेव्हा रक्त तपासू आणि खुब्याचा एक्स-रे काढू, असं म्हणाले.

मावशींना मी यातलं काही बोलले नव्हते. बोलले असते तर ते खरं झालं असतं, अशी माझी वेडी समजूत. एक्स-रेच्या आदल्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, की उद्या श्रेयाला आणणार नाही, तिचे पाय दाखवायला न्यायचंय, ती चालत नाही ना. मावशी वरण ढवळत होत्या. पळी हातात तशीच राहिली. मग त्यांनी गॅस बंद केला, श्रेयाला उचललं, भिंतीपाशी उभं केलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. नुसता हात पुढं केला.

माझी पोरगी तुरुतुरु चालत त्यांच्याकडे गेली. अडखळलीसुद्धा नाही. मधे कुणाची तरी चप्पल पडली होती, तिला वळसा घालून गेली.

"पोळ्याच्या आधीपासून चालती ती," मावशी खाली बघून म्हणाल्या. "मला वाटलं, आज तुझ्या दारात चालंल, उद्या चालंल. रोज तिला दुपारची उशिरा निजवत व्हते, सांजच्याला ताजी ऱ्हावी म्हनून. तू असं दवाखान्यात हिंडतीस ते मला काय ठावं."

मी फार बोलले त्या दिवशी. तोंडाला येईल ते बोलले. इतके दिवस जिवाला घोर लावला, सासूच्या तोंडी दिलं, पोरीला उद्या सुई टोचली असती, आणि हिला माहीत होतं! झोळीतलं एक लेकरू माझ्या आवाजानं उठलं, तेव्हा मावशी उठून त्याला झोका देत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाठ करून मग त्यांनी सांगितलं.

त्यांचा मुलगा लहान असताना त्याही एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायच्या. पोर शेजारणीकडे. एक दिवस नळावर बायांच्या गर्दीत शेजारीण हसत हसत म्हणाली, "तुझं पोरगं चालाया लागलं की गं, तुला ठावंच नाय?" सगळ्या बाया हसल्या. शेजारीण वाईट नव्हती, कौतुकानंच बोलली. पण मावशी भरलेला हंडा तिथंच ठेवून घरी आल्या. "त्यानंतर तो माझ्याकडं चालत आला की मला वाटायचं, हे उष्टं हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून मी कुन्या मायला सांगत नाय. तिनं बघितलं तेच पयलं. माझ्या घरात जे व्हतं ते झालंच नाय."

आणि श्रेया घरी का चालत नव्हती, तेही मला त्यांच्यासमोर उभी असतानाच उमगलं. दिवसभर न दिसलेली आई संध्याकाळी दिसल्यावर त्या पोरीला चालायचं नव्हतंच. तिला फक्त कडेवर बसायचं होतं. चालली असती तर मी खाली सोडली असती ना! हे कळल्यावर मात्र माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मी मावशींच्या गोधडीवर बसून रडले. पोर मांडीत येऊन बसली, चालत.

मावशींनी त्यानंतर एवढीच सवलत दिली: आजार सांगेन, कमी-जास्त वाटलं तर सांगेन, पण पहिलं काही झालं का, ते विचारायचं नाही. मीही कुणाला बोलले नाही. चहाच्या सुट्टीत बाया आपापल्या लेकरांच्या करामती सांगायच्या आणि मी मान डोलवायचे. त्या सगळ्यांचा आनंद मावशींच्या घरून शिळा होऊन आलेला आहे, हे सांगायला जीभ कशी रेटणार?

लेकरं साडेतीन-चार वर्षांची झाली की शाळेत जायची आणि मावशींकडे यायची बंद व्हायची. आठ-पंधरा दिवस आठवण काढायची. मग विसरायची. साफ विसरायची; त्या वयातलं कुणाला काय आठवतं? श्रेयाही विसरली. मी तिला वर्षभरानं मावशींकडे घेऊन गेले तर माझ्या मागं लपली. मावशींनी तिला बत्तासा दिला आणि माझ्याशीच बोलत बसल्या. निघताना मला हळूच म्हणाल्या, परत आणू नको तिला, तू एकटी येत जा.

मी जायचे. रविवारीच जायचे, कारण रविवारी मावशींचं घर त्यांना खायला उठायचं. सगळ्या झोळ्या रिकाम्या. मावशी उंबऱ्यात बसून रस्ता बघत असायच्या आणि मला बघून म्हणायच्या, "आलीस? आता हे घड्याळ जरा हालंल." आम्ही शेंगा फोडत बसायचो. श्रेयाची पाळी सुरू झाली तेव्हा मी कंपनीतच होते. पोरीनं शाळेत आलेल्या एका मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून मला कळवलं. ते मी रविवारी मावशींना सांगितलं. इतकी वर्षं झाली तरी मी अजून लाइनवरच, आणि पोरीचं सगळं माझ्या माघारीच. मावशींनी विचारलं, "फोन तिनं सोता केला? मास्तरनीनं नाय?" मी म्हटलं, तिनंच. "मंग ते तुझ्याजवळच झालं," त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

पुढं बजाजनगरात रंगीत भिंतींच्या प्ले स्कूल निघाल्या. तिथं लेकरू हसलं, उभं राहिलं, शिंकलं तरी आईच्या मोबाइलवर व्हिडिओ येतो. लाइनवरच्या नव्या पोरी काम करता करता ते बघतात आणि एकमेकींना दाखवतात. मी मावशींना असा एक व्हिडिओ दाखवला: परकी बाई टाळ्या वाजवतेय आणि पोरगं पहिलं पाऊल टाकतंय. मावशींनी तो बघितला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, चांगलं हाय, बघायला तरी मिळतं. त्यांच्याकडची लेकरं कमी होत गेली. शेवटचं एक होतं, तेही दिवाळीनंतर गेलं. झोळ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, धुवायच्या हायेत.

न्हाणीत पडून मनगट मोडलं, तेव्हा मुलगा चाकणहून आला आणि आता इथं एकटीनं राहायचं नाही म्हणाला. पोरगा चांगला, सून चांगली. पण मावशी मला म्हणाल्या, "नातू धा वर्साचा झाला. त्याला आता उचलायचं नाय, भरवायचं नाय. मी तिथं करू काय?"

त्या निघाल्या त्या दिवशी मी श्रेयाला घेऊन गेले. आणू नको म्हणाल्या होत्या, तरी नेलंच. पोरगी आता सोळाची. माझ्यापेक्षा वीतभर उंच, कानात कायम ते मोबाइलचं बोंडूक. रस्त्यात मी तिला म्हटलं, तू लहान असताना ह्या आजींकडे असायचीस. तिनं बरं म्हटलं. गाडीत सामान भरून झालं होतं. मावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, प्लॅस्टरचा हात मांडीवर. श्रेया वाकून पाया पडली. मावशींनी तिच्याकडे बघितलं. पायांपासून वर चेहऱ्यापर्यंत हळूहळू बघितलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला डावा हात उचलला तो मधेच थांबवून सीटचा पट्टा नीट केला.

पोरीला काय वाटलं कुणास ठाऊक. एरवी घरी आलेल्या पाहुण्यांशी दोन शब्द न बोलणारी ती, कानातलं बोंडूक काढून म्हणाली, "आजी, मी लहानपणी कशी होते हो?"

इतक्या वर्षांत कुणी लेकरानं मावशींना हे विचारलं नसेल. सांगा, मी मनातल्या मनात म्हणत होते, आज तरी सांगा, माझा विचार करू नका. मावशींचे ओठ हलले. चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की आता त्या बोलणार, आणि बोलायला लागल्या तर थांबणार नाहीत.

"आईला इचार की," त्या म्हणाल्या. "तिनं समदं बघितलंय."

मुलानं गाडी सुरू केली. मावशींनी मागं वळून बघितलं नाही. गाडी चौकातून हायवेच्या बाजूला वळली, आणि श्रेया माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "सांग ना मग. कशी होते मी?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मी कंपनीत असायचे."

"मग कुणाला माहितीय?"

ज्यांना माहीत होतं त्या आत्ता गेल्या, असं मी तिला सांगितलं.