आत्याची साक्ष आणि गाडीचं नाव

माझी आत्या एका गाडीच्या सीटची कातडी कव्हरं शिवायची. गाडी दोन दारांची, बुटकी, भन्नाट पळणारी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते ज्यांच्या मालकीचं आहे त्यांना नोटिसा पाठवण्यापलीकडे फारसा उद्योग नाही.

गाडीचा कारखाना बुडाला तेव्हा मालकांनी आत्याला शिलाई मशीन दिलं आणि तिच्या नव्या शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर गाडीचं नाव घालायची तोंडी परवानगी दिली. ती पाटी बघून जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून यायचे. त्यावरच आत्याचं घर चालायचं.

मालक वारले आणि भांडण पेटलं. एक कंपनी म्हणाली, लिलावात कारखान्याबरोबर नावही आमच्याकडे आलं. मालकांचा मुलगा म्हणाला, कारखाना उभा राहण्याआधीच घरामागच्या शेडमध्ये वडिलांनी ते नाव ठेवलं होतं, म्हणजे ते घरचं. दोघांपैकी एकानेही कधी साधा स्क्रू पिळलेला नव्हता. कंपनीने आत्याला पाटी उतरवायला सांगितलं. आत्या त्या शेडपासून कामाला होती, म्हणून मुलाने तिला साक्षीला बोलावलं आणि जिंकलो तर पाटी तुमचीच, असा शब्द दिला. शेडमध्ये हेच नाव चालायचं, एवढंच तिने सांगायचं होतं. आत्याने ते घोकलंही होतं.

समोरच्या वकिलाने सहज विचारलं, शेडमध्ये गाडी हलवायची असली की काय म्हणायचात?

"आण रे बेडकी पुढे," आत्या म्हणाली.

कोर्ट हसलं. गाडीचे दिवे बटबटीत, म्हणून ते बसवणाऱ्या आतोबांनीच तिला बेडकी म्हणायला सुरुवात केली होती. मुलगा खटला हरला. आत्याने निमूटपणे पाटी पुसून त्यावर 'बेडकी' लिहून घेतलं. गिऱ्हाइकं येत राहिली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

वर्षभरात कंपनीने नवी गाडी आणली. नाव 'बेडकी', रीतसर नोंदवलेलं. ते आत्याच्या साक्षीतूनच उचललेलं होतं. पाठोपाठ पाटीसाठी नोटीस आली. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आता आपण कोर्टात जायचं, हे नाव तर आतोबांचं आहे.

आत्या सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "शेडमधली मी एकटीच उरलेय रे. माझ्या बाजूने साक्ष द्यायला कोण येणार?"

संध्याकाळी मी स्टूल धरलं आणि तिने पाटी उतरवली.