इंग्रजीतलं खरं

सांडोरच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ रोज दिसायचे. त्यांना बस कधीच पकडायची नसायची. धुवून धुवून पातळ झालेला पांढरा शर्ट, मांडीवर आडवी छत्री आणि तिच्या मुठीवरून सतत फिरणारा अंगठा. तरुणपणी मुंबईत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नोकरी केलेली, त्यामुळे बोलण्याआधी इंग्रजी यायचंच.

"टू टेल यू द ट्रूथ मास्तर, पोरगा नाताळला येतोय कुवेतहून."

"फ्रँकली स्पीकिंग, तो मला तिकडेच बोलावतोय. मीच जात नाय."

खरेपणाची एवढी ग्वाही यांच्याकडे मागितली कोणी? मला वैताग यायचा.

एकदा ते असंच सांगत असताना चर्चची संध्याकाळची घंटा झाली. ते उठले, क्रुसाची खूण केली, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटले आणि परत बसले. अर्धवट राहिलेलं वाक्य मात्र त्यांनी पुरं केलं नाही.

"पोरगा विचारत नाय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. भात मात्र अजून दोघांचा होतो हातून."

आज आधी इंग्रजी नव्हतं. बस आली, मी चढलो.

दुसऱ्या दिवशी मला बघताच ते घाईने म्हणाले, "टू बी ऑनेस्ट, पोरगा उद्या पोचतोय."

"मग भात दोघांचाच लावा," मी म्हणालो, आणि समोर आलेली बस जाऊ दिली.