बाभळीचा काटा आणि पोटातला गोळा

मध्यंतरी पेपरात वाचलं, की खेळाडूंना स्पर्धेच्या आधी कानात बारीक सुया टोचतात, म्हणजे छातीतली धडधड बसते. वाचलं आणि घरात एकटाच हसत सुटलो. आमचा कान साठ सालाच्या आसपास खानदेशातल्या तळोद्यात टोचून झालेला, तोही बाभळीच्या काट्यानं.

चौथीनंतर शाळा सुटली आणि गावच्या ठेकेदाराबरोबर मी साताऱ्याकडून थेट तिथल्या लाकडाच्या वखारीत येऊन पडलो. पुढे अंगानं भरलो, पण काही नवं समोर आलं की पोटात गोळा यायचा तो यायचाच. मी कुठला ते कळल्यावर वखारीतल्या माणसांनी परस्पर ठरवूनच टाकलं, की त्या मुलखाचा म्हणजे पैलवान. गावच्या तालमीत मी फक्त माती भिजवायचो, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत माझ्या थाळीत कुणी तूप ओतलं होतं, कुणी आपल्या वाटचं दूध ठेवलं होतं. परमुलखात एवढी माया लावल्यावर खरं कसं बोलणार? जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत माझं नाव गेलं.

जोड ठरली तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या पोराशी. केळीच्या बागेतला गडी, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

कुस्तीच्या दिवशी मी सागाच्या ओंडक्यांमागे जाऊन बसलो. आम्हा सगळ्यांना भाकरी घालणारी मावशी शोधत आली.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"मावशी, पोटात गोळा आलाय. मी अक्कलकुव्याच्या रस्त्यानं पळून जातो."

"तूप खाताना नही उना गोया?"

मावशी तान्ह्या पोरांचे कान टोचायची. तिनं चुलीवर काटा शेकला, हळद लावली आणि माझ्या कानाच्या वरच्या कडक कडेला तो खुपसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"ऱ्हाऊ दे तठेच. कुस्ती व्हवापर्यंत काढू नको."

आणि काय सांगू, गोळा विरला. सगळं ध्यान कानाला लागलं, पोटाला कोण विचारतो. अंग हलकं झालं, पाय आपोआप नाचायला लागले. वखारीतली माणसं म्हणाली, "दख, पैलवान कसा उड्या मारी ऱ्हायना."

मैदानात उतरलो. समोरचा पहाडही नाचतच आला. सलामीला हात पुढे केला आणि त्याच्या कानाकडे नजर गेली. वरच्या कडेला हळद, हळदीत काटा.

तोही माझ्या कानाकडेच बघत होता.

"तुले बी?" तो पुटपुटला.

"मावशी?" मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि त्याचं पोट हलायला लागलं. मग माझं. पंच ओरडले, आधी काटे काढा. पण हसू आवरेना, स्वतःचा काटा सापडेना. शेवटी मी त्याचा काढला, त्यानं माझा. लोकांना वाटलं, ही कुठली नवीच सलामी.

खडाखडी झाली. पकड बसली की एकाला हसू फुटायचं आणि दुसऱ्याची पकड सुटायची. त्यानं मला सहज आपटलं असतं, पण हसता हसता त्याच्याही अंगात जोर उरला नव्हता. पंचांनी वैतागून कुस्ती बरोबरीत सोडवली. वखारीतल्यांनी मला खांद्यावर घेतलं. त्या पहाडाशी बरोबरी म्हणजे त्यांच्या लेखी जिंकल्यासारखंच. त्यांचं तूप वाया गेलं नाही, एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी तो मावशीकडेच जेवायला आला. तिच्या पुतण्याचा दोस्त निघाला; सकाळी पुतण्यानंच त्याला तिच्याकडे नेलं होतं. दोघांचे कान लाल, समोर एकच थाळी. मावशी भाकरी थापता थापता करवादली,

"दोन्हीस्ना भेव निंघी गयं, मंग कुस्ती कोन करी?"

तेवढ्यात त्यानं माझ्या पुढची मिरची उचलली. मी त्याच्या बाजूची भाकरी ओढली. तोंड भाकरीनं भरलं होतं आणि पोटात जागा होती.