दुसऱ्याच्या ताटातला घास

माझ्या मावसभावाने हादरवलं नाही असा माणूस जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत शिल्लक असेल, तर तो अजून त्याच्या पंगतीला बसलेला नाही, एवढंच मी म्हणेन. हा गृहस्थ जळगावच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, पण त्याची ख्याती वेगळीच आहे. तो दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातो. विचारत नाही, लाजत नाही, स्वतःचं ताट भरलेलं असलं तरी थांबत नाही. मुक्ताईनगरच्या एका लग्नात त्याने नवरदेवाच्या मामांच्या, म्हणजे ज्यांना सगळे टरकून होते अशा माणसाच्या ताटातली जिलेबी उचलली. मामांचा हात तोंडाशीच थांबला. वाढपी थबकले. "तुमची जास्त पाकातली दिसली," एवढं बोलून हा पुढच्या पानाकडे वळला. पुढचं पान माझं होतं.

खाताना बोलणार तेही विषाणूंबद्दलच. भडगावजवळ एका केळीच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. मळ्याचे मालक आबा कौतुकाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत होते, आणि याने बी प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा विषय काढला. हा विषाणू यकृताच्या पेशीत कारखाना टाकतो म्हणे. माल प्रथिनाच्या कवचात भरायचा, तिथेच पिकू द्यायचा आणि पिकला की वर आवरण चढवून बाहेर धाडायचा. पण कवचाच्या प्रथिनाच्या साखळीतला एखादाच दुवा बदलला की कच्चा मालही बाहेर पडू लागतो. दुसऱ्या एखाद्या जागी बदल झाला, तर माल पेशीबाहेर पडतच नाही, आतच साठून राहतो. "एका दुव्याने, आबा! एका दुव्याने!" असं म्हणत त्याने आबांच्याच ताटातला भरिताचा गोळा उचलला. आबा शांतपणे म्हणाले, "आम्ही बी केळीना कच्चाच माल धाडतस ना भो. त्यामा काय नवल शे?" हा इतका थक्क झाला की अर्धी भाकरी हातात धरून "मग तो पुढे पिकतो कुठे?" असं विचारत आबांच्या मागे मळाभर फिरला. गेली कित्येक वर्षं तो हेच शोधतो आहे, त्या कच्च्या मालाचं पुढे काय होतं. आम्ही घरात त्याची टिंगल करायचो. इतक्या विषाणूंत याला काविळीचाच का सापडला, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या धुळ्याच्या घरी रक्तपेढीचा निरोप आला. मुलीने कॉलेजच्या शिबिरात रक्त दिलं होतं, आणि त्यात हाच विषाणू निघाला. मी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरांनी समजावलं, की हा रक्तातून पसरतो, भांड्यांतून किंवा एकत्र जेवण्यातून नाही. घरच्यांनी तपासून लस घ्यावी, मुलीने वरचेवर तपासणी करावी, घाबरू नये. मी मान डोलावली. घरी आलो आणि तिचं ताट, तिचा पेला वेगळा काढला. ओळखू यावा म्हणून बायकोने पेल्याच्या बुडाला नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथे लिहिताना लाज वाटते. मुलगी आमच्यापासून दूर, ओट्याजवळ खाली बसून जेवू लागली.

पंधरा दिवसांनी मावसभाऊ आला. आम्ही जेवायला बसलो होतो आणि ती ओट्याजवळ. याने आल्या आल्या सवयीने तिचा पेला उचलून तोंडाला लावला. बायको किंचाळलीच, "हाई काय करी ऱ्हायनात भाऊ! तिना पेला शे तो!" त्याने पाणी पिऊन संपवलं. मग पेला उलटा करून बुडाशी पाहिलं. तो लाल ठिपका त्याने अंगठ्याने घासून पाहिला.

"आईच्या ताटाला खिळ्याने फुली केली होती," तो म्हणाला. "आठवतं तुला?"

आठवलं. मावशीचं ताट चुलीमागे असायचं आणि त्याला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मावशी फार सोवळ्याची, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो. ती यकृताच्या दुखण्याने गेली.

"कोणाचाच दोष नव्हता," तो म्हणाला. "तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं. पण मी रोज तिच्यासमोर बसून जेवलो रे. ती गेली तोवर एकदाही तिच्या ताटातलं काही उचललं नाही."

तो ओट्याजवळ खाली बसला. मुलीने आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःचं ताट तिथेच सोडून उठलो, त्या दोघांशेजारी जाऊन बसलो आणि लेकीच्या ताटात हात घातला. "बाबा, भरीत तिखट आहे," ती म्हणाली. त्या पंधरा दिवसांत ती माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.