आठशे मीटरसाठी चुकवलेली इंजेक्शनं

"मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात एक झडप काढून दाखवली. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरतं, त्या वाटेवरची ही झडप. माझी आक्रसून गेली होती.

मी विचारलं, "पुढच्या महिन्यात राज्याची निवड आहे. तोवर बरी होईन ना?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "पळणं संपलं, बाई. आता जिनासुद्धा थांबत थांबत चढायचा."

मी एकोणीस वर्षांची होते. आदल्या दिवशी सोलापुरात मैदानावर सराव करताना शेवटच्या दोनशे मीटरला खोकला आला आणि रुमालावर गुलाबी फेस दिसला. गिरणीतून दादा, म्हणजे माझे वडील, तसेच धावत आले आणि टांग्यात घालून मला दवाखान्यात घेऊन गेले.

मग एक्स-रे, ईसीजी, रक्त. प्रत्येक तपासणीला बाकावर बसायचं आणि नावाची वाट बघायची. पळणाऱ्या माणसाला बसवून ठेवणं यासारखी शिक्षा नाही.

चूक माझी होती, ती सांगते. चौदाव्या वर्षी मला रुमॅटिक फीवर झाला होता. घसा धरल्यावर मागून येणारा हा ताप. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सांधे बरे होतात, पण ताप परत परत आला तर हृदय खराब होतं. तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं होतं, वर्षानुवर्षं. ज्यांनी घेतलंय त्यांना ठाऊक आहे, दोन दिवस पाय ओढत चालावं लागतं. आणि माझी शर्यत नेमकी त्याच दोन दिवसांत यायची. आधी मी इंजेक्शन पुढे ढकललं, मग चुकवलं, मग घरी "घेतलं" म्हणून सांगायला लागले. दम लागू लागला तेव्हा वाटलं, सराव कमी पडतोय. म्हणून मैदानाच्या फेऱ्या वाढवल्या. असं शहाणपण वैऱ्यालाही नको.

पळायला शिकवणाऱ्या आमच्या सरांनी मला चेकोस्लोव्हाकियाच्या एका धावपटू बाईचं पेपरातलं कात्रण दिलं होतं. वर्षानुवर्षं अंतिम फेरीत मागे राहून तिशीच्या जवळ येताना तिने आठशेची आपली सर्वात चांगली वेळ दिली होती. वॉर्डात मी ते काढून बघायची. तिला हरायला इतकी वर्षं मिळाली, मला तीसुद्धा नाहीत. मी तिच्यावर अक्षरशः जळायची. शेवटी ते कात्रण फाडून टाकलं.

दादा पाळी संपवून रोज यायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "माजंच चुकलं. मीच तिला पळीवली." मी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. माझ्या एका वाक्याने त्यांची सुटका झाली असती, पण ते तोंडातून निघत नव्हतं.

पुण्याला ऑपरेशनसाठी न्यायच्या आदल्या दुपारी मी सांगून टाकलं. "दादा, मी इंजेक्शनं घेतलीच नाहीत. वर्षभर."

ते संत्रं सोलत होते. हात थांबला नाही.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "कंपौंडर बोलला हुता. तू लई जोरात पळत हुतीस, निवड जवळ आल्ती. म्हून मीबी गप बसलो."

त्यांनी फोड माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. आम्ही दोघंही खूप रडलो.

ऑपरेशनमध्ये सर्जनने हृदयात बोट घालून ती झडप मोकळी केली. मी जगले. त्या हातांचे उपकार आहेत, हे मनापासून लिहिते. पण जगल्याचा आनंद व्हायला हवा तसा अजून होत नाही, हेही खरं आहे. मुलींनो, इंजेक्शन चुकवू नका. शर्यत चुकवा.

दर तीन आठवड्यांनी दादा मला दवाखान्यात नेतात आणि सुई बाहेर निघेपर्यंत समोर उभे राहतात. नंतर दोन दिवस पाय दुखतो. दुखू दे. आता त्याला कुठे जायचंय?